वाचकांचे प्रश्न : ‘न्यू वेव्ह’ म्हणजे नेमकी कोणती लाट?

एकाच शब्दाविषयी एकाच महिन्यात सहा पत्रे यावीत, असे या सदरात क्वचित घडते. या वेळी तो मान ‘न्यू वेव्ह’ने मिळवला. कोणी चित्रपटाच्या बाजूने विचारले आहे, कोणी गाण्याच्या, कोणी कपड्यांच्या. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने सर्व पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : फ्रेंच चित्रपटांवरील लेखांत ‘न्यू वेव्ह’ हा शब्द मी महाविद्यालयात असल्यापासून वाचत आलो. माझी मुलगी मोबाइलवर ऐंशीच्या दशकातली जी इंग्रजी गाणी ऐकते, त्या यादीचे नावही ‘न्यू वेव्ह’च. परवा एका कापड दुकानात पुतळ्याच्या अरुंद टायखाली हेच दोन शब्द छापलेले पाहिले. ही तिन्ही प्रकरणे एकच आहेत, की साम्य फक्त नावापुरते आहे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तिन्ही एकाच घराण्यातली आहेत, पण सख्खी भावंडे नव्हेत. नाव मूळचे फ्रान्समधले, आणि गंमत अशी की ते पहिल्यांदा पडले तेव्हा चित्रपटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. ‘लेक्सप्रेस’ या पॅरिसच्या साप्ताहिकाने १९५७ च्या ऑक्टोबरात १८ ते ३० वर्षे वयाच्या तरुणांची एक मोठी पाहणी हाती घेतली. महायुद्धानंतर वयात आलेली ही पिढी कशी जगते आणि तिला आपल्या देशाविषयी काय वाटते, हे साप्ताहिकाला जाणून घ्यायचे होते. साप्ताहिकाची धुरा वाहणाऱ्या फ्रांस्वाझ जिरू यांनी या पिढीला ‘नुव्हेल व्हाग’, म्हणजे ‘नवी लाट’, असे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी त्या पाहणीवर पुस्तकही काढले. पाहणीसाठी योजलेला हा शब्द १९५८ च्या आरंभी प्येर बियार या समीक्षकाने तरुण दिग्दर्शकांना लावला. १९५९ च्या कान चित्रपट महोत्सवानंतर वर्तमानपत्रांनी तो इतका उचलून धरला की मुळात तो कोणाविषयी होता, याचा लोकांना विसर पडला.

म्हणजे हे बारसे मुलाच्या आईबापांनी केलेले नाही, शेजाऱ्यांनी केले आहे. पुढेही तसेच होत गेले. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडन येथील संगीतसमीक्षकांनी फ्रेंच चित्रपटांचे हे नाव उसने घेऊन नव्या बँडना लावले, आणि त्याचे चलनी नाणे केले ते ध्वनिमुद्रिका विकणाऱ्यांनी. कपड्यांच्या बाबतीत तर स्वतःला ‘न्यू वेव्ह’ म्हणवणारी एखादी शिंप्यांची किंवा डिझायनरांची शाळा कधी नव्हतीच. त्या गायकांनी जे अंगावर घातले, त्याला लोक त्यांच्या संगीताच्या नावाने ओळखू लागले, इतकेच.

म्हणून ‘न्यू वेव्ह’ हे एखाद्या शैलीचे नाव समजून तिची लक्षणे शोधायला गेले की गोंधळ उडतो. हा शब्द कानावर पडला की आधी दोन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या साली, आणि कोणाच्या विरोधात? १९५९ च्या पॅरिसमध्ये विरोध होता तो नामांकित कादंबऱ्यांवरून स्टुडिओत बेतलेल्या गुळगुळीत चित्रपटांना. १९७७ च्या न्यूयॉर्कमध्ये विरोध होता तो क्रीडागारे भरवणाऱ्या, एकेका गाण्यात दहा-दहा मिनिटे गिटार वाजवणाऱ्या रॉक बँडना. कपड्यांमध्ये तो रुंद कॉलर आणि बेलबॉटमच्या विरोधात होता. शत्रू बदलला की लाटेचे रूपही बदलले.

तरीही या तिघांत एक समान धागा मला दिसतो, आणि तो कोणत्याही तत्त्वज्ञानाचा नाही. खिशात पैसा नव्हता, म्हणून जे हाताशी होते त्यावर या मंडळींनी काम भागवले, आणि ती अडचण झाकण्याऐवजी उघडी ठेवली. पुढच्या उत्तरांत त्याची उदाहरणे येतीलच.

प्रश्न : पणजीच्या चित्रपट महोत्सवात काही वर्षांपूर्वी गोदारचा ‘ब्रेथलेस’ पाहिला. इतके नाव ऐकून गेलो आणि खरे सांगायचे तर विशेष काही वाटले नाही. हलता कॅमेरा, तुटक संकलन, रस्त्यावरचे चित्रण हे तर हल्ली वेबमालिकांतही असते. यात नवे ते काय होते? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपल्याला विशेष काही वाटले नाही, हाच त्या चित्रपटाचा विजय मानावा लागेल. त्याने जे केले ते पुढे सगळ्यांनी उचलले, आणि म्हणून मूळ चित्रपटच आज नकलेसारखा दिसतो.

आधी ही माणसे कोण होती ते पाहू. १९५१ मध्ये आंद्रे बाझां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काइए द्यू सिनेमा’ हे मासिक सुरू केले. त्रुफो, गोदार, शाब्रोल, रिव्हेत, रोमेर हे सगळे तिथले लेखक. चित्रपट बनवण्याआधी त्यांनी वर्षानुवर्षे चित्रपट पाहिले आणि त्यांवर लिहिले, आणि तेही भीडभाड न ठेवता. जानेवारी १९५४ मध्ये त्रुफोने फ्रेंच चित्रपटसृष्टीतल्या प्रतिष्ठितांवर जो लेख लिहिला, तो लिहिताना तो अवघ्या २१ वर्षांचा होता. त्याची लेखणी इतकी झोंबरी होती की १९५८ मध्ये कान महोत्सवाने त्याला समीक्षक म्हणून प्रवेश नाकारला. पुढच्याच वर्षी त्याच महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले, आणि ते त्याच्या पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी. एका बारा-तेरा वर्षांच्या पोराची ती गोष्ट आहे. शेवटी तो सुधारगृहातून पळतो, धावत धावत समुद्रापर्यंत येतो, वळून आपल्याकडे बघतो आणि चित्र तिथेच गोठते. पुढे त्याचे काय होते, हे चित्रपट सांगत नाही.

यांच्याकडे पैसा कुठून आला? शाब्रोलने आपला पहिला चित्रपट बायकोला मिळालेल्या वारशाच्या रकमेतून उभा केला. आन्येस व्हार्दा यांनी तर या सगळ्यांच्या आधी, १९५५ मध्ये, मच्छीमारांच्या वस्तीत जाऊन अगदी तुटपुंज्या पैशांत चित्रपट पूर्ण केला होता. लाटेच्या इतिहासात त्यांचे नाव पुष्कळदा शेवटच्या परिच्छेदात येते, ते खरे पहिल्या परिच्छेदात यायला हवे.

आता ‘ब्रेथलेस’कडे वळू. त्याचे चित्रण १९५९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस पॅरिसमध्ये झाले आणि १९६० च्या मार्चमध्ये तो प्रदर्शित झाला. कॅमेरामन राउल कुतार हे इंडोचायनातल्या युद्धाची छायाचित्रे काढून आलेले गृहस्थ होते. रात्रीचे प्रसंग दिवे न लावता टिपायचे, तर तितकी संवेदनशील फिल्म चित्रपटासाठी मिळत नव्हती. तेव्हा त्यांनी साध्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी विकली जाणारी इल्फर्डची फिल्म आणली आणि तिचे छोटे छोटे तुकडे एकमेकांना जोडून चित्रपटाच्या कॅमेऱ्यात घातले. कॅमेरा सरकवण्यासाठी रूळ नव्हते. कुतार यांना चाकांच्या खुर्चीत बसवून दिग्दर्शकानेच ती ढकलली. शांझेलिझेवर नायक-नायिका बोलत चालतात त्या प्रसंगात येणाऱ्याजाणाऱ्यांना चित्रण चालू असल्याचे कळू नये, म्हणून कॅमेरामनला टपाल वाहण्याच्या हातगाडीत लपवले होते. त्या रस्त्यावरचे लोक नट नाहीत. काही जण मागे वळून बघतात, तेही चित्रपटात तसेच राहू दिले आहे.

आपण म्हणता ते ‘तुटक संकलन’ हीसुद्धा आधी एक अडचणच होती. चित्रपट फार लांबला होता आणि तो दीड तासात बसवायचा होता. रूढ पद्धत अशी की अख्खे प्रसंग काढून टाकायचे. गोदारने प्रसंग ठेवले आणि प्रसंगांच्या आतले तुकडे कापले. उघड्या गाडीतून ती दोघे चालली आहेत, कॅमेरा नायिका जीन सीबर्गच्या पाठमोऱ्या डोक्यावर आहे, आणि नायक बेलमोंदो तिच्या मानेचे, गळ्याचे, गुडघ्यांचे वर्णन करतो आहे. त्याचे वाक्य अखंड चालू राहते, पण दर शब्दागणिक मागचा रस्ता बदलतो, ऊन-सावली बदलते, कधी झाडे येतात तर कधी उभ्या गाड्या. तोवरच्या व्याकरणानुसार ही सरळसरळ चूक होती, कारण जोड दिसता कामा नये हाच संकलनाचा पहिला धडा होता. या चित्रपटाने जोड दाखवला आणि प्रेक्षकाला आठवण करून दिली की समोर चालले आहे ते खरे आयुष्य नाही, कोणीतरी कापून जोडलेली फिल्म आहे. पुढच्या खेपेला पाहाल तेव्हा एवढे दोन मिनिटांचे दृश्य लक्ष देऊन पाहा.

प्रश्न : आपल्याकडच्या ‘समांतर चित्रपटा’लाच न्यू वेव्ह म्हणतात का? आणि मराठीत अशी लाट कधी आली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सत्तरच्या दशकातली इंग्रजी नियतकालिके ‘इंडियन न्यू वेव्ह’ असा उल्लेख करत, तर मराठी-हिंदीत ‘समांतर’ हा शब्द रुळला. दोन्ही शब्द बहुतेक त्याच चित्रपटांसाठी वापरले गेले, पण त्यांत भाव वेगळा आहे. लाट जुन्यावर आदळते आणि त्याला हलवते. समांतर रेषा मात्र शेजारून जाते आणि कधीच भेटत नाही. हिंदी चित्रपटांच्या बाजाराचे जे झाले ते पाहता, दुसरा शब्दच अधिक प्रामाणिक होता असे मला वाटते.

पॅरिसच्या आणि आपल्या लाटेत मोठा फरक पैशाचा आहे. तिकडे वारसा, ओळखीपाळखीचे निर्माते आणि नंतर सरकारी मदत असा क्रम लागला. आपल्याकडे सरकार पहिल्यापासून होते. १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याच वर्षी पुण्यात, प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. ‘काइए’च्या मंडळींना पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयाने जे दिले, म्हणजे जगभरचे चित्रपट पोटभर पाहण्याची सोय, ती इथल्या विद्यार्थ्यांना या दोन संस्थांनी दिली. ऋत्विक घटक तिथे शिकवत असत. मणी कौल आणि कुमार शहानी हे त्यांचेच विद्यार्थी.

१९६८ मध्ये मृणाल सेन आणि अरुण कौल यांनी नव्या सिनेमाचा जाहीरनामा काढला. पाठोपाठ कॉर्पोरेशनच्या कर्जावर सेन यांचा ‘भुवन शोम’ आला. त्यातल्या गोठलेल्या चौकटी आणि मध्येच येणारी रेखाटने पाहिली की पॅरिसचे वारे इथवर कसे पोहोचले होते ते दिसते. सुहासिनी मुळे यांचा तो पहिला चित्रपट, आणि कॅमेरा पुण्याच्या संस्थेतून बाहेर पडलेल्या के. के. महाजन यांचा. त्याच सुमारास आलेल्या बासू चटर्जी यांच्या ‘सारा आकाश’चे आणि मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’चे चित्रणही महाजन यांनीच केले. एका माणसाच्या खांद्यावर किती भार होता, हे यावरून कळेल.

मराठीपुरते सांगायचे तर सत्तरच्या दशकात हा ओघ रंगभूमीवरून आला. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पडद्यावर आणले आणि पुढे तेंडुलकरांच्याच लेखणीतून उतरलेला जब्बार पटेल यांचा ‘सामना’ बर्लिन महोत्सवापर्यंत गेला. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर बसून बोलतात ते प्रसंग आठवा. तिथे ताकद संवादाची आणि अभिनयाची आहे, कॅमेरा बराचसा ऐकणाऱ्याच्या भूमिकेत आहे. गोदारच्या वाटेचे हे चित्रपट नव्हेत आणि त्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही.

२००४ मध्ये ‘श्वास’ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी. तेव्हापासून ‘फँड्री’ आणि ‘कोर्ट’पर्यंतच्या चित्रपटांना वर्तमानपत्रे सरसकट ‘मराठी न्यू वेव्ह’ म्हणतात. ‘कोर्ट’ला २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात पुरस्कार मिळाले, त्यामुळे नाव आणखी पक्के झाले. नाव सोयीचे आहे. पण या दिग्दर्शकांत आपसात ‘काइए’सारखे एखादे मासिक नव्हते, जाहीरनामा नव्हता, की एकत्रित भांडणही नव्हते. वेगवेगळ्या गावांहून निघालेले लोक एकाच थांब्यावर भेटले, म्हणून त्यांना दिंडी म्हणावे का, हे आपण ठरवा.

प्रश्न : संगीतातली न्यू वेव्ह आणि पंक यांत फरक काय? काही ठिकाणी दोन्ही एकच सांगितले आहेत, काही ठिकाणी एकमेकांच्या विरुद्ध. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोन्ही खरे आहे, फक्त वर्षे वेगळी आहेत. पंक म्हणजे भरधाव, खडबडीत, बंडखोर रॉक. १९७६ मध्ये लंडनचे संगीत-साप्ताहिकवाले हे दोन शब्द आलटून पालटून वापरत होते. १९७८ नंतर मात्र त्यांच्यात भिंत उभी राहिली, आणि ती उभी करण्यात व्यापाराचा हात मोठा होता.

१ डिसेंबर १९७६ रोजी सेक्स पिस्टल्स या बँडने ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ऐन संध्याकाळी थेट प्रक्षेपणात शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ‘पंक’ हा शब्द घराघरांत पोहोचला, पण शिवीसारखाच. अमेरिकेतली रेडिओ केंद्रे हा शब्द ऐकताच तबकडी बाजूला ठेवू लागली. सायर रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीचे सीमोर स्टाइन यांच्याकडे तेव्हा टॉकिंग हेड्ससारखे बँड होते. त्यांनी १९७७ च्या ऑक्टोबरात ‘याला पंक म्हणू नका’ अशा आशयाची जाहिरात मोहीम काढली आणि ‘न्यू वेव्ह’ हे नाव पुढे केले. फ्रेंच चित्रपटांमुळे त्या शब्दाला आधीच एक सुशिक्षित वास होता, तो इथे कामी आला. मालावरची चिठ्ठी बदलली आणि दुकानाचे दार उघडले.

मात्र चिठ्ठी बदलली तसा आतला मालही बदलत गेला, हे मान्य करायला हवे. यातले बहुतेक न्यूयॉर्ककर बँड सीबीजीबी या क्लबातून आले. या नावातली अक्षरे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या ग्रामीण अमेरिकी संगीतप्रकारांची, कारण १९७३ च्या डिसेंबरात क्लब काढताना मालकाच्या मनात तेच होते. प्रत्यक्षात तिथे आले रमोन्स, टेलिव्हिजन, ब्लाँडी आणि टॉकिंग हेड्स. पंकने गाणी आखूड केली होती आणि त्यांतले सूरमेळ (कॉर्ड) तीन-चारांवर आणले होते. न्यू वेव्हवाल्यांनी ती आटोपशीर लांबी ठेवली, पण डिस्कोचा ठेका, रेगेची लय, आणि मुख्य म्हणजे सिंथेसायझर आत घेतला. ब्लाँडीने डिस्कोच्या तालावर ‘हार्ट ऑफ ग्लास’ केले तेव्हा जुने सोबती रागावले, आणि गाणे १९७९ मध्ये अमेरिका व ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले.

सिंथेसायझरची कथाही त्या चाकांच्या खुर्चीसारखीच आहे. गॅरी न्यूमन हा तरुण केंब्रिजमधल्या तोलामोलाच्या नव्हे, तर परवडणाऱ्या स्टुडिओत गिटारवर पंक धाटणीची तबकडी करायला गेला होता. आधीच्या कोणाचा तरी मिनिमूग नावाचा सिंथेसायझर तिथे पडून होता. त्याने सहज एक पट्टी दाबली. भिंती हलवणारा तो आवाज ऐकून त्याने सगळा बेतच बदलला. १९७९ मध्ये त्याचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाल्यावर तर चेहरा आणि कपडे यांनाही आवाजाइतकेच महत्त्व आले. ब्रिटिश बँडकडे चित्रफिती तयार होत्या, अमेरिकनांकडे कमी होत्या, त्यामुळे त्या वाहिनीवर न्यू वेव्हची चंगळ झाली.

जाता जाता दोन गमती सांगतो. न्यू वेव्ह हा शब्द बाजारू झाला म्हणून चिडलेल्या न्यूयॉर्कच्या काही वादकांना लगोलग ‘नो वेव्ह’ हे नाव मिळाले. आणि २००४ मध्ये फ्रान्समधल्या एका वाद्यवृंदाने ‘नुव्हेल व्हाग’ हे नाव घेऊन जुनी इंग्रजी न्यू वेव्ह गाणी ब्राझीलच्या बोसा नोव्हा ढंगात गायली. शब्द पॅरिसहून निघाला, लंडन-न्यूयॉर्क फिरला आणि ब्राझीलमार्गे घरी परतला.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाच्या शाळेत ‘ऐंशीच्या दशकाचा दिवस’ आहे आणि त्याला न्यू वेव्ह वेशात जायचे आहे. दुकानात या नावाखाली झगझगीत हिरव्या-गुलाबी रंगाचे पायमोजे आणि डोक्याला बांधायच्या पट्ट्या मिळतात. हे बरोबर आहे का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : ते पायमोजे आणि पट्ट्या एरोबिक्सच्या वर्गातल्या, त्या तिथेच राहू द्या. पैसे वाचवा आणि त्याला जुन्या कपड्यांच्या दुकानात घेऊन जा. मूळ मंडळींनीही तेच केले होते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात रुंद कॉलरचे कोट, रुंद टाय आणि पायाशी पसरणाऱ्या पँट यांची चलती होती. १९६० च्या आसपासचे अरुंद कॉलरचे सूट आणि बोटभर रुंदीचे टाय कोणी घालत नसे, म्हणून ते जुन्या बाजारात मातीमोलाने मिळत. कफल्लक गायकांनी ते उचलले. अरुंद काळा टाय न्यू वेव्हची खूण झाला तो असा. मिरजेच्या वाचकांनी पुतळ्याच्या गळ्यात पाहिलेला टाय याच वंशातला. तो मुळात ज्या काळचा, त्याच काळात फ्रेंच नव्या लाटेचे चित्रपट आले, त्यामुळे दोन लाटा इथे एका कपड्यात भेटतात.

मुलासाठी काळा किंवा करडा, अंगाबरोबरचा जुना कोट, वरचे बटण लावलेला साधा सदरा, अरुंद टाय आणि घोट्याशी निमुळती पँट एवढे पुरे. केस एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड ठेवता आले तर उत्तम, पण त्यासाठी घरात भांडण नको. थोडा विनोद चालणार असेल तर डीव्हो या ओहायोच्या बँडसारखी लाल, पायऱ्यापायऱ्यांची टोपी पुठ्ठ्याची करता येईल. १९८० मध्ये ती त्यांनी डोक्यावर चढवली आणि आजही लोक त्यांना तिच्यावरून ओळखतात.

आणखी एक नमुना द्यायचा तर टॉकिंग हेड्सच्या डेव्हिड बर्नचा. १९८३ च्या डिसेंबरात हॉलिवूडमधल्या मैफलींत तो एक प्रचंड मोठा करडा सूट घालून आला. खांदे दाराएवढे आणि वर डोके लिंबाएवढे. जपानी नोह नाटकातल्या चौकोनी वेशावरून त्याला ते सुचले होते. त्या मैफलींचा चित्रपट १९८४ मध्ये आला. वडिलांचा कोट आठवीतल्या मुलाला घातला की जवळजवळ तेच दिसते, म्हणजे खर्च शून्य. झालरीचे सदरे, चाच्यांसारखे पट्टे आणि रंगवलेले चेहरे हा ‘न्यू रोमँटिक’ नावाचा लंडनचा पोटप्रकार. १९७९ पासून ब्लिट्झ क्लबात दर मंगळवारी जमणाऱ्या मंडळींचा तो साज. तो शाळेत जरा जास्त होईल.

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचे काम करते. ‘न्यू वेव्ह’, ‘नवी लाट’ की ‘नवलाट’, काय ठेवावे? आणि न्यू वेव्ह तो, ती की ते? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : चित्रपटांविषयी लिहिताना ‘फ्रेंच नवी लाट’ असे लिहावे. मूळ शब्दही भाषांतर करण्याजोगा साधा फ्रेंच शब्द आहे, आणि मराठीत ‘लाट’ हा शब्द येणे आणि ओसरणे दोन्ही सुचवतो : थंडीची लाट, निवडणुकीतली लाट. ‘प्रवाह’ मात्र लिहू नये, तो ओसरत नाही. ‘नवलाट’ हा जोडशब्द नवकथा, नवकाव्य यांच्या धर्तीवर आला आहे. त्या दोन्ही चळवळी चाळीसच्या दशकातल्या, म्हणजे फ्रेंच नव्या लाटेच्याही आधीच्या, त्यामुळे शब्द परका वाटत नाही, पण ‘नवी लाट’ बोलायला सोपा आहे. संगीत आणि कपडे यांच्या बाबतीत मात्र ‘न्यू वेव्ह’ तसाच ठेवावा. तिथे ते जॅझ किंवा रॉकसारखे प्रकाराचे नाव आहे. ‘वेव’ असे हिंदी वळणाने न लिहिता ‘वेव्ह’ लिहावे. लिंग ‘लाट’वरून घेऊन स्त्रीलिंगी ठेवावे, ‘ती न्यू वेव्ह’. सामान्यरूप ‘न्यू वेव्हचा’, ‘न्यू वेव्हमध्ये’ असे न बदलता होते, पण ‘लाट’ बदलते, म्हणून ‘नव्या लाटेचा’. आणि सलूनच्या फलकावर दिसणारी ‘वेव्ह’ केस कुरळे करण्याची, तिचा या कोणाशीही संबंध नाही.